लायसन्समधली शेवटची ओळ

आमच्या स्टुटगार्टच्या ऑफिसात एक प्रोग्रॅम होता. आम्ही लिहिलेल्या कोडमध्ये दुसऱ्यांचं काय काय आहे, ते हुडकून काढणं एवढंच त्याचं काम. हल्ली कुठलंही सॉफ्टवेअर कुणी सगळंच्या सगळं स्वतः लिहीत नाही. जगभरातल्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेलं असतं, ते घ्यायचं आणि आपलं काम पुढे न्यायचं. पण फुकट म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येकाबरोबर एक लायसन्स असतं: कसं वापरायचं, काय करायचं नाही, कुणाचं नाव लावायचं. आमचा प्रोग्रॅम ती लायसन्सं वाचायचा आणि प्रत्येकासमोर एक दिवा लावायचा. हिरवा म्हणजे खुशाल वापरा. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे हात लावू नका, आधी कायदा विभागाकडे जा.

माझ्या वाट्याला लाल दिवा आला, आणि तो नेमका माझ्या मित्राच्या नावासमोर.

हा मित्र आणि मी औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहत होतो. तो अकोल्याचा, मी वाशिमचा. दोघांच्याही घरी संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, पण माझी वंदना म्हणजे जेवणाच्या ताटाकडे नजर लावून केलेली पुटपुट. त्याने मात्र लहानपणी आईच्या शेजारी बसून पंचशील म्हणता म्हणता त्यातलं पहिलं शील मनावर घेतलं होतं. जिवाची हिंसा करायची नाही. आमच्या खोलीत झुरळं मुबलक. आम्ही चप्पल उचलली की हा मधे पडायचा, झुरळाला वहीच्या पानावर घेऊन बाहेर सोडून यायचा, आणि ते झुरळ दोन मिनिटांत दाराखालून परत यायचं. "त्यालाही हॉस्टेल अलॉट झालंय," असं आम्ही म्हणायचो. तो हसायचा आणि पुन्हा पान घ्यायचा.

पुढे मी जर्मनीत आलो, तो पुण्यात एका छोट्या कंपनीत लागला. एसटी स्टँडवर लावायच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या त्यांची कंपनी बनवायची. स्वस्तातल्या पाट्या, त्यात मेमरी नावापुरती, आणि मराठी दाखवायची म्हटली की अक्षरांचे हाल. ‘प्रवासी’ लिहिलं की प वेगळा, र वेगळा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी शेजारच्याच्या डोक्यावर. मित्राला हे सहन होईना. सुट्टीच्या दिवशी बसून त्याने अगदी थोड्या मेमरीत जोडाक्षरं नीट जुळवणारा एक छोटासा, देखणा कोड लिहिला आणि सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवून दिला. सोबत लायसन्स म्हणून एक प्रसिद्ध, सगळेच वापरतात तो दोन परिच्छेदांचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला. त्याच्या खाली स्वतःची एक ओळ लिहिली, मराठीत आणि खाली इंग्रजीत: ‘हे वापरून कोणत्याही जिवाला इजा करू नये.’

मग त्याला कावीळ झाली. सुरुवातीला कुणीच मनावर घेतलं नाही, त्यानेही नाही, आणि नंतर मनावर घ्यायला वेळ उरला नाही. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, वडील आधीच गेलेले. मागे आई एकटी राहिली. मला जाता आलं नाही. अंत्ययात्रेतल्या कुणीतरी फोनवर थोडं दाखवलं, मग नेटवर्क गेलं. मी सहकाऱ्यांसमोर कॅन्टीनच्या रांगेत ट्रे धरून उभा होतो आणि रांग पुढे सरकली म्हणून मीही सरकलो, एवढं आठवतं.

दोन-तीन वर्षांनी आमच्या कंपनीकडे काम आलं. आम्ही गाड्यांचे डॅशबोर्ड बनवून मोठ्या कारखान्यांना पुरवायचो. एका कारखान्याला भारतात विकायच्या गाड्यांमध्ये हिंदी आणि मराठी सूचना दाखवायच्या होत्या. इंधन कमी आहे, ब्रेक तपासा, सर्व्हिसची वेळ झाली. टीममध्ये मराठी वाचता येणारे दोघंच, मी आणि पुण्याचा एक सहकारी, त्यामुळे काम आमच्याकडे. डॅशबोर्डच्या स्क्रीनलाही मेमरी बेताचीच. मला दुसरं काही आठवलंच नाही. मी मित्राचा कोड आणून बसवला आणि टेबलावरच्या त्या छोट्या स्क्रीनवर ‘सर्व्हिस’ हा शब्द असा उमटला, की मी खुर्ची मागे सारून उठलो आणि कॉफी मशीनपाशी जाऊन उगाच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. जर्मन माणूस अशा वेळी विचारत नाही, हे त्यांचं मला आवडतं.

गाड्यांमध्ये एक पान असतं, कुणीच उघडत नाही असं. सेटिंगमध्ये जाऊन, खाली, अजून खाली गेलं की ‘कायदेशीर माहिती’. ज्यांचं ज्यांचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं, त्या सगळ्यांची नावं तिथे द्यावी लागतात. लायसन्सचीच तशी अट असते. म्हणजे भारतात विकल्या जाणाऱ्या त्या प्रत्येक गाडीत माझ्या मित्राचं नाव असणार होतं.

ही गोष्ट मला पोटात ठेवता आली नाही. मी त्याच रविवारी अकोल्याला फोन लावला. त्याच्या आईला आम्ही सगळे मावशी म्हणायचो.

"मावशी, त्याचं नाव गाडीत येणार आहे. नव्या गाडीत, स्क्रीनवर."

"गाडीत? कायच्या गाडीत? एसटीत?"

"एसटीत नाही हो, मोटारीत. इथली कंपनी बनवते."

त्या म्हणाल्या, "मले दाखवशीन?"

"दाखवतो ना. मी स्वतः शोरूममध्ये घेऊन जातो तुम्हाला."

बुधवारपर्यंत ही बातमी विहारात सगळ्यांना कळली होती. आणि गुरुवारी माझ्या स्क्रीनवर लाल दिवा लागला होता.

पुण्याच्या सहकाऱ्याला मी ते दाखवलं. त्याने लायसन्स वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. "भावा, त्याच्या कोडच्या पानाचा पासवर्ड आहे का तुझ्याकडे? मग ती ओळ उडव. उरलेलं लायसन्स हिरव्यातलं आहे. पुन्हा स्कॅन मार, विषय संपला."

पासवर्ड होता. मित्रानेच आजारपणात दिला होता, "सांभाळ" एवढंच म्हणून. पण तोवर प्रोग्रॅमने लायसन्सची प्रत आपणहून रेख्ट्सआप्टायलुंगला, म्हणजे कायदा विभागाला, पाठवलेली होती, आणि तसं नसतं तरी माझ्याने ते झालं नसतं. सांभाळायला दिलेल्या वस्तूतलं गुपचूप काढून घ्यायचं, याला आमच्याकडे साधा शब्द आहे. मी कायदा विभागात भेटीची वेळ मागितली. मला वाटलं, समजावून सांगितलं की समजेल. वाक्य तर किती साधं.

वकीलबाई फार सज्जन होत्या, हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की होत्या दुष्ट. डॉक्टरेट मिळवलेल्या, म्हणून सगळे त्यांना फ्राऊ डॉक्टर म्हणायचे. त्यांनी मला चहा विचारला, स्वतः उठून आणला. त्यांच्यासमोर मित्राच्या लायसन्सची प्रत होती आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "वाक्य सुंदर आहे. आणि हीच अडचण आहे. हे वाक्य लायसन्सच्या आत आहे, म्हणजे ही अट आहे. अट मोडली तर वापरायचा हक्क संपतो. तुम्ही मला सांगा, जीव म्हणजे कोण?"

"कोणीही," मी म्हणालो. "सगळेच."

"माणूस?"

"हो."

"कुत्रा, मांजर?"

"हो."

"कीटक?"

मला ते हॉस्टेलमधलं झुरळ दिसत होतं, वहीच्या पानावरचं.

"तुम्ही उन्हाळ्यात आउटोबानवर गाडी चालवता ना? पंपावर थांबलं की काचेवर काय असतं?" त्या अगदी हळू बोलत होत्या, आजारी माणसाशी बोलावं तसं. "आपण गाडी बनवतो. गाडी कितीही चांगली बनवली तरी तिच्याखाली काहीतरी मरतंच. मी ही अट मान्य केली, तर पहिली गाडी रस्त्यावर येईल त्या दिवशी आपण ती मोडलेली असेल."

बाई शंभर टक्के बरोबर बोलत होत्या. वाद घालायला समोर मूर्ख माणूस असावा लागतो. शहाण्या माणसासमोर आपण नुसते बसून राहतो. मी म्हणालो, तो तसा कुणावर खटला घालणारा माणूस नव्हता. त्या म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, माणसं अशीच असतात, कागद मात्र तसा नसतो. मग त्यांनी उपाय सांगितला, आणि तो सांगताना त्यांना खरंच बरं वाटत होतं. लेखकाने एक घोषणापत्र द्यायचं, की ही अट मी काढून घेतो, सगळ्यांसाठी, कायमची आणि परत न घेण्याच्या बोलीवर. त्यावर सही. लगेच हिरवा दिवा.

"लेखक वारला आहे," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जर्मन पद्धतीने, उभं राहून, माझ्याशी हात मिळवून दुःख व्यक्त केलं. मग खाली बसून म्हणाल्या, "मग वारसांची सही लागेल."

माझ्या लक्षात आलं होतं की हे कुठे चाललंय, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. वारस म्हणजे आई, एकटीच. आईच वारस आहे याचा सरकारी दाखला हवा. त्याचं शपथ घेतलेल्या अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर हवं. दाखल्यावर सरकारी शिक्का, त्या शिक्क्याच्या खरेपणाचा दुसरा शिक्का. मी सगळं लिहून घेत होतो आणि डोळ्यांसमोर अकोल्याचं तहसील कार्यालय होतं.

मावशींना मी फोनवर फक्त दाखल्याचं सांगितलं. ओळीचं नाही सांगितलं. ते समोर बसूनच सांगायचं असं ठरवलं, किंवा खरं म्हणजे पुढे ढकललं. त्या बिचाऱ्या उन्हातान्हात तहसीलला गेल्या. रात्री त्यांचा फोन यायचा तेव्हा इकडे संध्याकाळ असायची, मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभा.

"तो बाबू विचारते, वारस कायचा लावाचा? शेत किती? म्हटलं शेत नाई. घर? म्हटलं घर माह्याच नावावर हाय. पेन्शन? म्हटलं नाई. मंग कायले आली बाई, म्हणते. म्हटलं माह्या लेकानं लिहलेलं हाय काहीतरी, त्याचा वारस लावाचा हाय. तं तो शेजारच्याले म्हणते, पोथी लिहली काय रे यायच्या पोरानं!"

सांगताना त्या हसत होत्या. मीही हसलो. डब्यातली एक म्हातारी बाई माझ्याकडे बघायला लागली, तसा मी आवाज कमी केला. पुढच्या वेळी बाबू रजेवर, त्याच्या पुढच्या वेळी साहेब दौऱ्यावर, मग अर्जात कॉम्प्युटरच्या लिखाणाचा रकाना नाही म्हणून अर्ज परत. शेवटी विहारातल्या एका निवृत्त शिक्षकांनी सोबत जाऊन ‘सर्व चल-अचल मालमत्ता’ असं मोघम लिहून घेतलं, तेव्हा दाखला मिळाला. इकडे दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टच्या तक्त्यावर माझी एकच ओळ लाल. टीमलीड विचारायचा, "काही प्रगती?" मी म्हणायचो, "हो, भारतातून कागद येतोय." तो मान डोलवायचा. मला स्वतःचा राग यायचा, त्याचा यायचा, त्या बाबूचा यायचा, आणि राग घालवायला जागा कुठेच नव्हती, कारण जो तो आपापलं काम नीट करत होता.

डिसेंबरात रजा घेऊन मी अकोल्याला गेलो. घोषणापत्र सोबत होतं, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला जर्मन. मावशींच्या घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मित्राचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला. मोठा केल्यामुळे थोडा फाटल्यासारखा दिसत होता. मावशींनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. मी जेवलो. जेवण होईपर्यंत मी बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

मग मी लॅपटॉप उघडून त्यांना लायसन्स दाखवलं.

"हे त्यानं लिहलं?" त्या म्हणाल्या आणि चष्मा घालून स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.

"वरचं सगळं ठरलेलं असतं, मावशी. जगभर तेच वापरतात. त्याचं नाही ते."

"मंग त्याचं कोणतं?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती मोठ्याने वाचली, एकेक शब्द सुटा करत. ‘हे वापरून कोणत्याही जिवाला इजा करू नये.’ वाचून झाल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. "लहान होता तं म्हणे, आई, ढेकूण मारू का नको? म्हटलं बाप्पा, ढेकूण मार. तं नाई मारे."

आता सांगणं भागच होतं. मी सांगितलं. फ्राऊ डॉक्टरांनी मला जसं सांगितलं तसंच सांगितलं, गाडी, काच, किडे, सगळं. सांगताना मला जाणवत होतं की मी त्यांच्यासारखाच हळू आवाजात बोलतोय.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "बाई बरोबर म्हणते," त्या म्हणाल्या. "गाडीखाली तं मरतेच."

"हो."

"हे ओळ नाई काढली तं नाव नाई येत?"

"नाही येत."

"आन काढली तं येईन?"

"येईल."

"पक्कं?"

तेव्हा कोड तयार होता, चाचण्या झालेल्या होत्या, फक्त तो एक दिवा हिरवा व्हायचा होता. मला जेवढं दिसत होतं त्यावरून मी म्हणालो, "पक्कं."

त्या उठल्या, मोरीत जाऊन हात धुतले, पुसले. "शील का सही घेऊन लादाची गोष्ट हाय?" त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, माझ्याकडे नाही. "ज्याले घ्याचं तो घेते. काढ बाप्पा. नाव राहू दे." कुठे सही करायची ते मी दाखवलं. त्यांनी मधे नवऱ्याचं नाव, शेवटी आडनाव, असं पूर्ण नाव लिहिलं, शाळेत पाटीवर लिहितात तसं, ओळीला धरून. कोपऱ्यात आमच्या दोघांचा चहा निवत होता. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर नोटरीचा शिक्का झाला.

परत आल्यावर मी ती ओळ काढली. काढायला काय, दोन बटणं. पण करताना मी दार लावून घेतलं होतं, हे खरं. मग कागद कायदा विभागात दिला. फ्राऊ डॉक्टरांनी शिक्के तपासले, भाषांतर तपासलं, आणि स्वतः फोन करून माझं अभिनंदन केलं. दिवा हिरवा झाला. त्या आठवड्यात माझ्या घरी जिने झाडायची पाळी होती, इथे दारावर तशी पाटी लटकवतात. मी जिना खालपासून वरपर्यंत असा घासला की शेजारीण म्हणाली, आज काही सण आहे का तुमचा?

वसंत ऋतूत कारखान्याकडून निर्णय आला. भारतातल्या गाड्यांमध्ये सध्या फक्त इंग्रजी ठेवायची. ग्राहकांना तेच आवडतं असं त्यांना आढळलं होतं. हिंदी-मराठीचं पुढे बघू. टीमलीडने हे मीटिंगमध्ये इतर गोष्टींसारखंच सांगितलं, वाईट बातमी म्हणून नाही, कारण काम कमी झालं होतं. जोडाक्षरांची गरज उरली नाही, तेव्हा मित्राचा कोड काढून टाकायचा, कारण नको असलेला कोड मेमरी खातो. कोड गेला की नावाच्या पानावरून नावही आपोआप जातं. पुण्याच्या सहकाऱ्याने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी एकदा विचारून पाहिलं, कोड तसाच राहू दिला तर? नुसता, न वापरता? टीमलीडला माझा प्रश्नच कळला नाही. "कशासाठी?" तो म्हणाला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

मावशींना फोन करायला मी फार दिवस लावले. शेवटी त्यांचाच आला.

"आली काय रे गाडी? इथं शोरूम झालं हाय नवीन, बायपासले. विहारातल्या बाया म्हणतात, आमी बी येतो."

मी सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं बोलताच आलं नसतं. इंग्रजीच ठेवणार म्हणाले, त्याचं लिखाण काढलं, नाव नाही येणार.

त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर किती बरं झालं असतं. "तुयाच्यानं काय होईन बाप्पा," त्या म्हणाल्या. "तू नोकर माणूस." मग अगदी सहज, जणू दळण आणायला सांगावं तसं म्हणाल्या, "मंग ते ओळ परत लाव."

हे मला सुचलंच नव्हतं. मला एकदम हुरूप आला. मी दुसऱ्याच दिवशी वेळ न मागता फ्राऊ डॉक्टरांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला बसवलं, तो कागद कपाटातून काढला, आणि परत न घेण्याच्या बोलीवर असं लिहिलेल्या जागी बोट ठेवलं. खाली मावशींची ती ओळीला धरलेली सही होती. अट म्हणून आता ती कुणालाच लावता येणार नाही, त्या म्हणाल्या, आम्ही वापरलं किंवा नाही वापरलं, तरी. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनाच कसंतरी वाटलं असावं.

"तुम्ही ती इच्छा म्हणून लिहू शकता," त्या म्हणाल्या. "लायसन्सच्या बाहेर, माहितीच्या पानावर. लेखकाची इच्छा. तिने कुणी बांधलं जात नाही, त्यामुळे आमची हरकत नाही."

मी तेवढ्यावरही खूश होऊन बाहेर पडलो. हाती लागेल ते घ्यायची सवय झाली होती मला. घरी पोचायच्या आधी, स्टेशनवरून टेकडीची चढण चढता चढता मी अकोल्याला फोन लावला आणि धापा टाकत सांगितलं, की मावशी, ओळ परत लावता येते, अट म्हणून नाही, पण इच्छा म्हणून येते.

मावशींनी नीट समजून घेतलं. इच्छा म्हणजे कशी, कुठे दिसणार, कोण लिहिणार, सगळं विचारलं. मी म्हटलं, मी लिहीन.

"त्याची इच्छा होती तं त्यानं त्याच्या हातानं लिहली होती," त्या म्हणाल्या. "ते तं आपण दोघायनं पुसली. आता तू कोणाच्या हातानं लिहशीन?"

मी चढणीवर थांबलो. त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत फोन धरून होत्या.

पासवर्ड अजून माझ्याकडेच आहे. महिन्यातून एखादे वेळी मी ते पान उघडतो, लायसन्सच्या दोन परिच्छेदांखाली रिकामी जागा असते तिथपर्यंत जातो, आणि काही न लिहिता बंद करतो.